फक्त गोलकीपरचं कोचिंग: आमची वाटचाल

आईस हॉकीत टीमला कोच असतो, स्केटिंगला वेगळा असतो, फिटनेसवालाही कुठूनतरी येतो, पण लहान मुलांच्या टीममध्ये गोलीला, म्हणजे गोलकीपरला, बहुतेक वेळा कोणीच नसतं. आमचा अख्खा धंदा याच एका गोष्टीवर उभा राहिला.

मी बरीच वर्षं गोली म्हणून खेळलो. बटरफ्लायमध्ये (गुडघे बर्फावर टेकून, पाय दोन्ही बाजूंना पसरून शॉट अडवायची स्टाईल) गुडघे आत वळवून सारखं खाली बसून बसून शेवटी खुब्यांनीच नाही म्हटलं (जुन्या गोलींना हे वेगळं सांगायला नको), मग खेळणं सोडलं. कोच वगैरे व्हायचं डोक्यात नव्हतं. ओळखीतल्या एका ज्युनियर टीमने आमच्या गोलींकडे जरा बघता का म्हणून बोलावलं, गेलो, आणि तिथलं बघून राहवेना.

नुसता वॉर्मअप घ्या. शूटर ओळीने उभे आणि धडाधड शॉट, पोरगं पहिल्याचा रिबाउंड कुठे गेला बघतंय तोवर दुसरा पक छातीवर. पक म्हणजे 1 इंच जाड, 3 इंच व्यासाची, साधारण 170 ग्रॅमची कडक रबरी चकती हो! यात पोरगं शिकतं काय तर डोळे मिटायला. मी त्यांना एवढंच करायला लावलं की दोन शॉटमध्ये गॅप ठेवा, गोलीला परत सेट होऊ द्या. थोड्याच दिवसांत पालक विचारायला लागले की वेगळी बॅच घेता का.

पैशाचं म्हणाल तर सगळ्यात मोठा खर्च बर्फाचा, म्हणजे रिंकच्या भाड्याचा. पूर्ण रिंक परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून टीमच्या प्रॅक्टिसमध्येच एक कोपरा मागून घेतला, गोलीला तसाही क्रीजच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या त्याच्या जागेच्या, आसपासचाच बर्फ लागतो. दुसरी अडचण शूटरची, ही आधी लक्षातच आली नव्हती. शूटरला गोल मारायचा असतो आणि आम्हाला सांगितलेल्या जागी, कधीकधी तर मुद्दाम पॅडवर मारणारा माणूस हवा असतो, असे शूटर आम्हाला घडवावे लागले.

पालकांशी वाद होतो तो बटरफ्लायवरून. पॅट्रिक रॉय या गोलीने 1986 मध्ये नवखा असताना मॉन्ट्रियलच्या टीमकडून स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगचा कप, जिंकला आणि तेव्हापासून ही स्टाईल सगळीकडे पसरली, त्यामुळे प्रत्येकाला आपलं पोर पहिल्याच दिवशी गुडघ्यावर बघायचं असतं. अहो पण गोल 6 फूट रुंद नि 4 फूट उंच, एवढंसं पोर खाली बसलं की वरचा अर्धा गोल उघडाच, आणि परत उठता येत नाही ते वेगळंच. आमच्याकडे आधी टी-पुश, शफल (दोन्ही स्केटवर बाजूला सरकायच्या पद्धती), ब्रेक मारणं, सगळं उभ्यानेच. काही जण चिडून गेले, जाऊ दे.

किट भाड्याने द्यायचं मात्र पालकांमुळेच सुचलं. वाढत्या अंगाचे म्हणून मोठे पॅड घेतात, मग गुडघा पॅडच्या आतल्या गादीवर बसतच नाही आणि पोरगं आपटतं. आता मापाचे सेट आम्हीच ठेवतो, पोरगं वाढलं की बदलून न्यायचे, आणि खरं सांगायचं तर ऑफ-सीझनला धंदा यावरच तगतो.

सध्या टीमच्या कोच लोकांसाठी एक छोटा वर्ग बसवतोय, गोलीला प्रॅक्टिसमध्ये कसं वापरायचं यावर. सुरुवात अर्थातच वॉर्मअपपासून, आणि त्या दिवशी पॅड घालून गोलमध्ये कोचलाच उभं करणार आहोत.