सरपंच नसलेली गावे: लॉकियर व्हॅलीतील वस्त्या आणि त्यांचे कौन्सिल

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात ब्रिस्बेनहून पश्चिमेला टुवुंबाच्या घाटाकडे निघाले की सुमारे 90 किलोमीटरवर गॅटन लागते. त्याच्या चारही बाजूंनी पसरलेले गाळाच्या काळ्या जमिनीचे खोरे म्हणजे लॉकियर व्हॅली. ब्रोकोली, कोबी, बीट, गाजर, कांदा, बटाटा अशी भाजी इथून देशभरातल्या बाजारांत जाते. मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला असल्यामुळे आणि मंचरच्या बाजारात भाजीच्या पाट्या उतरवतच मोठा झाल्यामुळे इथली शेती मला परकी वाटली नाही. या लेखात मात्र शेतीऐवजी गावांच्या कारभाराविषयी लिहायचे आहे, कारण गावाकडून काका फोन करतात तेव्हा पाऊसपाण्याची चौकशी झाली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे सध्या सरपंच कोण आहे?

आमच्याकडे सरपंच नाही, कारण ग्रामपंचायतच नाही. या खोऱ्यात मा मा क्रीक, मुलगोवी, माउंट सिल्व्हिया, जंक्शन व्ह्यू, ब्लॅक डक क्रीक, लेफ्टहँड ब्रँच अशा नावांच्या कितीतरी वस्त्या आहेत आणि त्यांतली बरीच नावे ओढ्यांवरून पडलेली आहेत. सरकारी भाषेत अशा वस्तीला ‘रुरल लोकॅलिटी’ म्हणतात. प्रत्येक लोकॅलिटीचे नाव आणि हद्द राज्य सरकारने अधिकृतपणे ठरवलेली असते आणि शेतजमीन असो वा रान, जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या लोकॅलिटीत मोडतो. आपल्या सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतावर ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ असे लिहिलेले असते, त्यातल्या ‘मौजे’ इतकेच या लोकॅलिटीचे अस्तित्व समजावे. तिला हद्द आहे, नाव आहे, नकाशावर जागा आहे. परंतु तिच्या नावाने कर गोळा होत नाही, तिची सभा भरत नाही आणि तिच्या नावाचा शिक्काही कुठे नसतो.

हद्दीच्या आत घर शोधण्याची रीत मात्र मला फार आवडते. गावठाण नावाचा प्रकार इथे क्वचितच असल्यामुळे घरे एकमेकांपासून अर्धा-अर्धा किलोमीटर दूर, आपापल्या शेतात असतात. अशा रस्त्यांवर घराला क्रमांक देताना रस्ता जिथे सुरू होतो तिथपासून फाटकापर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजतात आणि त्याला दहाने भागतात; येणारा आकडा डाव्या बाजूच्या घराला विषम आणि उजव्या बाजूच्या घराला सम असा जुळवून देतात. म्हणजे फाटकावर 1240 अशी पाटी असेल, तर ते घर रस्त्याच्या सुरुवातीपासून सुमारे 12.4 किलोमीटरवर उजव्या हाताला आहे, हे कोणालाही न विचारता कळते. रात्रीच्या अंधारात येणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाला गाडीतला अंतराचा आकडा पाहून नेमक्या फाटकापाशी थांबता येते. हे क्रमांक कौन्सिल, म्हणजे इथली निवडून आलेली स्थानिक स्वराज्य संस्था, देते, आणि दूरच्या वस्तीतल्या माणसाचा कौन्सिलशी पहिला संबंध बहुधा असाच येतो.

हे कौन्सिल म्हणजे लॉकियर व्हॅली रिजनल कौन्सिल. त्याची हद्द सुमारे 2,270 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईच्या पावणेचारपट. त्यात माणसे मात्र सुमारे 40,000 राहतात. एवढ्या प्रदेशाचा कारभार थेट मतदारांनी निवडलेला एक मेयर आणि सहा कौन्सिलर पाहतात. प्रभाग पाडलेले नसल्यामुळे सहाही कौन्सिलर सगळ्या खोऱ्याचे असतात, अमुक वस्तीचा अमुक कौन्सिलर असे नाते नसते. माझ्या आंबेगाव तालुक्याचे क्षेत्र याच्या निम्म्याहून कमी आहे आणि तिथे शंभराच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. क्वीन्सलंड राज्य महाराष्ट्राच्या साडेपाचपटीहून मोठे असून त्यात 77 कौन्सिले आहेत, तर महाराष्ट्रात सुमारे 28,000 ग्रामपंचायती आहेत. हे आकडे शेजारी ठेवले की काकांच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात का देता येत नाही, हे लक्षात यावे.

कौन्सिल काय करते, हे समजून घ्यायचे असेल तर सहा महिन्यांनी येणारी घरपट्टीची नोटीस नीट वाचावी. कर घरावर नसून जमिनीच्या किमतीवर असतो आणि ती किंमत कौन्सिल ठरवत नाही, राज्याचा मूल्यनिर्धारक ठरवतो. त्याखाली कचऱ्याचा आकार असतो. जिथे कचऱ्याची गाडी पोहोचत नाही, अशा वस्त्यांतल्या लोकांना कचरा स्वतःच्या गाडीतून संकलन केंद्रावर नेऊन टाकावा लागतो. त्याखाली आपत्कालीन सेवेसाठी राज्य सरकारचा कर असतो. तो कौन्सिल फक्त गोळा करते आणि पुढे पाठवते. पाणीपट्टी या कागदावर नसते, कारण नळाचे पाणी ब्रिस्बेन, इप्सविच, सॉमरसेट, सीनिक रिम आणि लॉकियर व्हॅली या पाच कौन्सिलांच्या मालकीची एक स्वतंत्र संस्था पुरवते. दूरच्या वस्त्यांना तेही लागू नाही. तिथे छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात, बोअरचे पाणी वापरतात आणि सांडपाण्यासाठी सेप्टिक टाकी बांधतात.

शाळा, दवाखाने आणि पोलीस हे सगळे राज्य सरकारकडे आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते, त्यामुळे गावातल्या शिक्षकाच्या बदलीची चर्चाही पंचायतीच्या ओट्यावर होते. इथे तशी चर्चा कौन्सिलच्या सभेत निघतच नाही. कौन्सिलकडे राहतात ते रस्ते, कचरा, वाचनालये, बागा, दफनभूमी, कुत्र्यांची नोंदणी आणि बांधकामाच्या परवानग्या. यांत सर्वांत जड ओझे रस्त्यांचे. मैलोगणती कच्चे रस्ते, त्यांवर फिरणारा ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) आणि तो आपल्या रस्त्यावर कधी येणार, हा ग्रामीण भागातल्या राजकारणाचा खरा विषय आहे.

मग वस्तीचे म्हणून काही उरते का? उरते, आणि ते लोकांनी स्वतः उभे केलेले असते. बहुतेक वस्त्यांत लाकडी फळ्यांचा, पत्र्याच्या छपराचा एक हॉल असतो. त्याची समिती वर्गणी आणि छोट्या अनुदानांवर तो चालवते. काही ठिकाणी जवळच पहिल्या महायुद्धात मेलेल्या स्थानिक तरुणांच्या नावांचा दगड असतो. दुसरी संस्था म्हणजे ग्रामीण अग्निशमन पथक. त्यातले बहुतेक जण विनावेतन काम करणारे शेतकरी आणि शेजारीच असतात. शेतातला पालापाचोळा किंवा रान जाळायचे असेल, तर त्या भागाच्या फायर वॉर्डनकडून परवाना घ्यावा लागतो. हा वॉर्डनही शेजारीच राहणारा स्वयंसेवक असतो. वारा, गवताचा वाळकेपणा आणि तुमच्याकडे पाणी किती आहे, हे पाहून तो हो किंवा नाही म्हणतो. वस्तीत राहणाऱ्या माणसाच्या हाती कायद्याने दिलेला अधिकार मला दिसला तो एवढाच, आणि तोही कौन्सिलने दिलेला नसून राज्याच्या कायद्यातून आलेला आहे.

गाव आणि कौन्सिल यांच्यातले अंतर पूर्वी इतके नव्हते. क्वीन्सलंडच्या ग्रामीण भागात 1879 च्या कायद्याने डिव्हिजनल बोर्डे ही स्थानिक मंडळे आली, 1903 पासून त्यांना शायर (इंग्रजीत Shire) म्हणू लागले, आणि शतकभर हीच शायर कौन्सिले गावांच्या सर्वांत जवळची सत्ता होती. लॉकियर व्हॅलीत गॅटन आणि लेडली अशी दोन शायर होती. राज्यातली अनेक छोटी कौन्सिले आर्थिकदृष्ट्या तग धरू शकणार नाहीत, असे सांगून राज्याचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, पीटर बीटी यांच्या सरकारने 2007 मध्ये विलीनीकरणाचा निर्णय घेतला. 15 मार्च 2008 रोजी 157 कौन्सिलांची 73 झाली आणि त्यात गॅटन व लेडली एक झाले. या निर्णयाविरुद्ध मोठा रोष होता. पुढे सरकार बदलल्यावर डग्लस, लिव्हिंग्स्टन, मरीबा आणि नूसा या चार भागांना मार्च 2013 मध्ये मतदान घेऊन वेगळे होण्याची संधी मिळाली. वेगळे होण्याचा खर्च तुम्हीच सोसायचा, ही अट माहीत असूनही चारही ठिकाणच्या बहुमताने वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला आणि 1 जानेवारी 2014 रोजी त्यांची कौन्सिले पुन्हा अस्तित्वात आली. अधिक कर भरावा लागला तरी चालेल, पण आपला कारभार आपल्याजवळ हवा, असे म्हणणाऱ्या या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

एका सरकारने मिटवावे आणि दुसऱ्याने परत करावे, हे शक्य होते कारण ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत स्थानिक स्वराज्य संस्थांचा उल्लेखच नाही. तो घालण्यासाठी 1974 आणि 1988 मध्ये सार्वमत घेतले गेले, आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. 1988 मध्ये तर जेमतेम एक तृतीयांश मते बाजूने पडली. कौन्सिल राज्याच्या कायद्यावर जगते आणि राज्य ते बरखास्तही करू शकते. आमच्या पूर्वेकडच्या इप्सविचचे सबंध कौन्सिल भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर ऑगस्ट 2018 मध्ये बरखास्त झाले आणि मार्च 2020 पर्यंत तिथे प्रशासक होता. आपल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा दिली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली, याचे मोल मला इथे आल्यावर अधिक कळले. महाराष्ट्रातल्या रखडलेल्या जिल्हा परिषद निवडणुकांच्या बातम्या वाचताना त्यामुळेच जास्त त्रास होतो.

परंतु घटनेत जागा असणे आणि हातात ताकद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते समजण्यासाठी ग्रँथमची हकिकत सांगितली पाहिजे. ग्रँथम हे गॅटनच्या पश्चिमेला, लॉकियर ओढ्याच्या काठचे, रेल्वेमार्गावरचे छोटे गाव. 10 जानेवारी 2011 रोजी दुपारी वरच्या डोंगरउतारावर झालेल्या प्रचंड पावसाचे पाणी ओढ्याचे काठ सोडून गावावर आले. लाकडी घरे खांबांवरून उचलली गेली, लोक छपरांवर चढले, हेलिकॉप्टरने काहींना उचलले. ग्रँथममध्ये 12 जण मृत्युमुखी पडले. ओढ्याकाठच्या जुन्या खाणीच्या बांधामुळे लोंढा वाढला, असा संशय गावकऱ्यांच्या मनात पुढे कित्येक वर्षे राहिला. 2015 मध्ये त्यासाठी स्वतंत्र चौकशी आयोग बसला आणि बांधामुळे पुराच्या परिणामात लक्षणीय फरक पडला नाही, असा निष्कर्ष त्याने दिला.

पुरानंतर काही आठवड्यांतच कौन्सिलचे मेयर स्टीव्ह जोन्स यांनी गाव टेकडीवर हलवण्याचा विचार मांडला. विलीनीकरणापूर्वी ते गॅटन शायरचे मेयर होते, म्हणजे खोऱ्यातलेच माणूस. कौन्सिलने गावालगतच्या उंचावरची सुमारे 380 हेक्टर खासगी जमीन विकत घेतली आणि पूरग्रस्तांपुढे साधी अदलाबदल ठेवली: खालचा तुकडा कौन्सिलला द्या, वर साधारण तेवढाच तुकडा घ्या. सक्ती कोणावरही नव्हती. परवानग्यांत वेळ जाऊ नये म्हणून राज्याच्या पुनर्बांधणी प्राधिकरणाने हा भाग विशेष क्षेत्र म्हणून जाहीर केला. ऑगस्टमध्ये सोडत निघाली, तिच्या क्रमाने कुटुंबांनी आपापले भूखंड निवडले, आणि त्याच वर्षीच्या नाताळाआधी पहिली कुटुंबे नव्या घरांत राहायला गेली. जोन्स यांचे 2016 मध्ये निधन झाले, तोवर टेकडीवरची वसाहत चांगली रुळली होती.

हे वाचताना माझ्या तालुक्यातल्या लोकांना माळीण आठवल्याशिवाय राहणार नाही. 30 जुलै 2014 च्या पहाटे डोंगर कोसळून माळीणमध्ये 151 माणसे गेली. आमडे इथल्या जागेवर नवे माळीण उभे राहून त्याचे लोकार्पण एप्रिल 2017 मध्ये झाले. तुलना करताना न्याय केला पाहिजे. सह्याद्रीच्या उतारावर सपाट आणि सुरक्षित जमीन मिळणे कठीण असते, मृतांची संख्या कितीतरी मोठी होती आणि बहुतेक कुटुंबांकडे विम्याचा आधार नव्हता. तरीही एक फरक उरतोच. जमीन घेण्याचा, आराखडा करण्याचा आणि तो मंजूर करून घेण्याचा अधिकार ग्रँथमच्या बाबतीत त्याच खोऱ्यात, हाकेच्या अंतरावरच्या कार्यालयात होता आणि तिथे त्यासाठी अभियंते व नियोजनकार नोकरीला होते. माळीणला ग्रामपंचायत असूनही यातले जवळजवळ सगळे जिल्हा प्रशासनाच्या हाती होते. आपल्या पंचायतींना निदान तालुका पातळीवर असे तांत्रिक मनुष्यबळ आणि जमीनखरेदीचा निधी मिळाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ग्रँथमचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. काही कुटुंबे खालीच राहिली. 2022 च्या पुरांनंतर केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून पूरक्षेत्रातली घरे ऐच्छिकपणे विकत घेण्याची योजना आणली. ही जमीन कौन्सिलच्या नावे होते आणि तिथे पुन्हा घर बांधू दिले जात नाही. यात माणसांचे जीव वाचतात, म्हणून योजना योग्यच आहे. पण रिकाम्या झालेल्या तुकड्यांवरची घरपट्टी बंद होते, गवत कापण्याचा खर्च सुरू होतो आणि मधल्या मागे राहिलेल्या घरांचा शेजार नाहीसा होतो. एखाद्या छोट्या वस्तीतली चार-पाच घरे गेली, तर हॉलची समिती आणि अग्निशमन पथक चालवायलाही माणसे पुरत नाहीत. पुढची कौन्सिल निवडणूक मार्च 2028 मध्ये आहे. मतदान सक्तीचे असल्यामुळे सगळेच केंद्रावर जातील. या सखल पट्ट्यांचे काय करायचे, ते चराईला द्यायचे की भाजीपाल्याला, त्याचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा आणि हे ठरवताना तिथे उरलेल्या कुटुंबांचे म्हणणे कुठे नोंदवायचे, हे प्रश्न आम्ही काही शेजारी प्रत्येक उमेदवाराला लेखी विचारणार आहोत.