नवा कॉम्प्रेसर बसवण्याआधी जुन्याचं ऑईल मोजा

इथे शारजात आमच्या गॅरेजात जुना एसी कॉम्प्रेसर उतरवला की भंगारात जायच्या आधी तो मापाच्या ग्लासवर उलटा होतो. थेंब थांबेपर्यंत शाफ्ट हातानं फिरवत राहायचं. मग ग्लास उजेडात धरून बघायचं, ऑईल निघालं किती आणि रंग कसा आहे.

हे मुद्दाम लिहितोय, कारण परभणीहून भाच्याचा फोन होता. "मामा, नवा कॉम्प्रेसर टाकला तरी कूलिंग येईना गेलंय." त्याची गाडी भाड्यानं चालते. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 44 ला टेकतो, एसी नसला तर गिऱ्हाईक कशाला बसेल? जुन्यातून ऑईल किती निघालं विचारलं, तर कुणी मोजलंच नव्हतं.

एसीचं ऑईल गॅससोबत फिरत असतं. कॉम्प्रेसर काढला तरी कंडेन्सर, कूलिंग कॉइल, पाइप यांत ते उरतंच. आणि नवा कॉम्प्रेसर बऱ्याचदा अख्ख्या सिस्टिमचं ऑईल घेऊनच येतो. समजा नव्यात 120 मिली आहे आणि जुन्यातून 50 निघालं. म्हणजे साधारण 70 गाडीतच आहे. तसाच बसवला की झालं 190! जादा ऑईल कॉइलच्या आत थर धरतं, थंडावा घटतो, प्रेशर चढतं. म्हणून नव्यातलं 70 काढायचं, 50 ठेवायचं. कमी पडलं तर त्याहून वाईट, कॉम्प्रेसर जाम होतो. आधी गळती झाली असेल तर मात्र हा हिशोब लागू नाही. सिस्टिम धुऊन कंपनीच्या मापानं भरावं.

ऑईल काळं किंवा चंदेरी कणांचं निघालं, तर सिस्टिम धुतल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर लावूच नका. बारीक नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही, तो बदलावाच लागतो. ड्रायर, म्हणजे गॅसमधली ओल शोषणारा भाग, दर वेळी नवा. गाड्यांच्या एसीत नेहमी पडणारं पॅग ऑईल हवेतली ओल ओढतं, डबा उघडा ठेवू नये. हायब्रीड गाडीच्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरला सहसा साधं पॅग चालत नाही, कंपनीनं सांगितलेलंच ऑईल लागतं.

भाच्याला सांगितलंय, गॅस काढून घ्यायला लाव, ऑईलचं माप जुळव, व्हॅक्युम नीट मारून आतली हवा-ओल ओढून घे आणि गॅस वजनावर भर, नुसत्या प्रेशर गेजवर नको. इंजिन चालू करण्याआधी कॉम्प्रेसर हातानं आठ-दहा वेळा फिरव, म्हणजे आत साठलेलं ऑईल पुढं सरकतं.