चहाचं राहिलंच

आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरभेटीची एक ठरलेली रीत आहे. बसायचे, विचारपूस करायची, एखादे स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायची आणि पुढच्या घरी जायचे. मागच्या पावसाळ्यात मी असाच एका मावशींकडे गेलो होतो. त्यांचे यजमान जाऊन दोन महिने झाले होते. मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "त्या रात्री साडेदहाला हे मला म्हणाले..." आणि त्यांचा गळा दाटून आला. तो दाटलेला गळा मलाच सोसवला नाही, हे आज कबूल करतो. "मावशी, ते आता प्रभूजवळ आहेत. चला, प्रार्थना करू या," असे मी म्हणालो. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि निमूटपणे डोक्यावर पदर घेतला. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "चहाचं राहिलंच." मी हसून म्हणालो, "असू द्या हो, पुढच्या वेळी घेऊ."

त्यानंतर काही दिवसांनी मला बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर संदेश द्यायचा होता, आणि अनेकदा वाचलेल्या त्या अध्यायात मी प्रथमच अडखळलो. सभास्थानाचा अधिकारी असलेल्या याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि येशू त्याच्या घरी निघाला आहे. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री गर्दीतून मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते आणि तत्काळ बरी होते. म्हणजे काम झालेले आहे. तरीही तो थांबतो, कोण शिवले म्हणून विचारतो, आणि ती भीत, कापत पुढे येऊन त्याला सर्व काही खरेखरे सांगते. तिचे शब्द मार्क देत नाही. पण पुष्कळ वैद्यांच्या हातून झालेले हाल, त्यात संपलेली सगळी पुंजी आणि बळावतच गेलेला आजार, एवढे त्याने आधीच सांगून ठेवले आहे. बारा वर्षांची ती हकिकत दोन वाक्यांत आटोपली असेल असे मला वाटत नाही. शेजारी उभ्या असलेल्या याईराच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! मी त्याच्या जागी असतो तर त्या बाईला नक्की गप्प केले असते. येशू मात्र तिला "मुली" म्हणून हाक मारतो, आणि तो तिच्याशी बोलत असतानाच याईराची मुलगी वारल्याचा निरोप येतो. त्या निरोपानंतर येशू त्या मुलीला जिवंत करतो हे ठाऊक असल्यामुळे आपण हा थांबलेला क्षण फार सहज ओलांडून जातो.

बायबलमधल्या, मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावे ठेवतो, पण ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते आणि एक शब्दही बोलले नव्हते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. पुढे एकविसाव्या अध्यायात ईयोब त्यांना विनवतो की, माझे नीट ऐकून घ्या, तेवढेच तुमच्याकडून माझे सांत्वन होऊ द्या. मी तर सात मिनिटेही बसलो नव्हतो.

फिंकेनवाल्डे येथे १९३५ ते १९३७ या काळात भावी पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, घडवणारे जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिले होते की, ज्याला आपल्या भावाचे ऐकता येत नाही, त्याला लवकरच देवाचेही ऐकू येईनासे होते. पाळकांना नेहमी काहीतरी बोललेच पाहिजे असे वाटते, हेही त्यांनी तिथेच सुनावले आहे. हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवले, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पाळकांचं राहू दे, मी मघापासून गॅसबद्दल काय सांगतेय?" मला आठवेना.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा मावशींकडे गेलो, या खेपेस एकटाच. बायबल पिशवीतच ठेवले आणि विचारले, "मावशी, त्या रात्री साडेदहाला काका काय म्हणाले होते?" त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा मागितला होता रे. मी म्हटलं, ओटा पुसून झालाय, आता सकाळीच देते." पहाटे त्या उठवायला गेल्या तेव्हा काका गेलेले होते.

एवढे सांगून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितले, या वेळी दूध किती उरले होते त्यासकट.