पार्करची फ्रेज सातच्या तालात

अल्टो सॅक्सोफोन हातात घेतल्यापासून माझा सगळा रियाज चार्ली पार्करचा, म्हणजे बीबॉप या वेगवान जॅझ शैलीतल्या अल्टोवादकाचा. सोलो कानाने उतरवून घ्यायचे, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) बदलली की तिच्या तिसऱ्या नाहीतर सातव्या सुरावर जाऊन टेकायचं आणि त्याआधी त्या सुराला खालून-वरून घेरायचं. मग आमच्या चौकडीने स्वतःच्या रचना बसवायला घेतल्या. एकच कॉर्ड आठ-आठ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), ड्रमर स्विंगची झुलती लय सोडून सरळ वाजवणार, आणि एक रचना तर सात मात्रांची.

पियानोवाल्याचं मत होतं, बीबॉप आता बाजूला ठेव. मला ते पटेना. १९५९ साली 'काइंड ऑफ ब्लू' हा कमी कॉर्ड बदलणारा अल्बम करणारा माइल्स डेव्हिस पार्करच्याच बँडमध्ये वाढला होता की! म्हणून त्याच अल्बममधल्या 'सो व्हॉट'पासूनच सुरुवात केली. ३२ बार : १६ डी डोरियन (डी सुरापासूनची एक स्वरमालिका), ८ ई फ्लॅट, पुन्हा ८ डी. कॉर्ड हलत नसेल तर ती आपण हलवायची. चौथ्या बारच्या शेवटच्या दोन मात्रांत मी मनात ए सेव्हन ही कॉर्ड धरतो : ई, सी शार्प, बी फ्लॅट, जी शार्प, आणि पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर ए. बेसवाला खाली डीवरून हललेला नसतो, त्यामुळे ई नंतरचे तीन सूर चांगलेच टोचतात आणि ए आला की सुटतात. हे दर चार बारांनी केलं तर मात्र कंटाळवाणं होतं.

खरा त्रास गप्प बसण्याचा. बीबॉपवाल्याला रिकामी जागा दिसली की बोटं शिवशिवतात. दोन बार वाजवायचे, दोन सोडायचे, असा नियमच घालून घेतला.

स्विंग काढून टाकला की तीच फ्रेज (सुरांची ओळ) सरावाच्या वहीतली वाटायला लागते. त्यावर इलाज पार्करकडेच मिळाला : ओळीतल्या वरच्या सुरावर जिभेचा ठोसा, मधले सूर जवळजवळ गिळलेले. ऑफबीटवरचे, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवरचे, हे ठोसे सांभाळले की सरळ लयीतही फ्रेज जिवंत राहते.

सातच्या रचनेला रूपक ताल कामी आला. ७/८ मध्ये (एका बारमध्ये सात सुरांची जागा) आठ सुरांची फ्रेज न थांबता वाजवत राहिलं तर ती प्रत्येक वेळी एका सुराने पुढे सरकते. सात आवर्तनं झाली की बरोबर आठ बार भरतात आणि पुढची सुरुवात समेवर. आधी टाळ्या देत तोंडाने म्हटलं, सॅक्स नंतर. ड्रमरला हा खेळ इतका आवडला की आता तोच मला चुकवायला बघतो.

'चेरोकी' ही जुनी जॅझ रचना झपाट्यात सुरू झाली, की माझे जुने लिक्स (पाठ झालेल्या छोट्या फ्रेज) जसेच्या तसे बाहेर पडतात. याच कॉर्ड्सवर पार्करने १९४५ मध्ये 'को-को' उभी केली. तिथे मी काही बदलायला जात नाही.