सुरतेचं मरण

'सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण' ही म्हण सुरतेत ऐकवली जाते ती नेमकी ताटलीत गरम लोचो (चणाडाळीचा वाफवलेला सुरती नाश्ता) पडल्यावर. जेवणाबद्दल वाद नाही. पण कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात उभं राहिलं की वाटतं, मरणही सुरतेचंच घ्यावं.

लग्नघरची माणसं जेवून पंख्याखाली आडवी झाली की मी अशा ठिकाणी सटकतो. मागून 'आल्यावर आंघोळ कर रे' असा आवाज येतोच. करतो. उगाच कशाला वाद?

ऑक्झेंडन बंधूंचं थडगं म्हणजे चांगली दुमजली इमारत आहे. खांब, कमानी, वर घुमट, उंची 40 फुटांच्या आसपास. नाव झाकलं तर कुणा नवाबाचा मकबरा म्हणून सहज खपेल. ख्रिस्तोफर 1659 मध्ये गेला, जॉर्ज 1669 मध्ये. जॉर्ज म्हणजे तोच, 1664 साली महाराज सुरतेवर आले तेव्हा माणसं घेऊन वखार लढवत बसलेला इंग्रजांचा प्रमुख. सुरतेची लूट आपण शाळेत आपल्या बाजूने पाठ केलेली. वखारीच्या आतला माणूस असा समोर निजलेला दिसला की जरा अवघडायला होतं.

डचांना हा थाट बघवला नाही म्हणे. त्यांच्या कंपनीचा बडा अधिकारी व्हान रेडे 1691 मध्ये वारला, तेव्हा इंग्रजांवर कडी करायची म्हणून त्यांनी त्याहून भव्य अष्टकोनी घुमट उठवला. मेल्यावरही शेजाऱ्यापेक्षा एक मजला जास्तच हवा! हा व्हान रेडे मला मात्र आवडतो. मलबारच्या 700 हून अधिक वनस्पतींचा बारा खंडांचा चित्रमय ग्रंथ त्याने करून घेतला. 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांचा दाखला चक्क नागरी अक्षरांत छापलेला आहे.

पण माझं मन अडकलं ते ख्रिस्तोफरच्या लॅटिन मृत्युलेखात. मजकूर पक्का व्यापारी. याला खात्यात वर्षं मांडता आली नाहीत, नुसते दिवस. मृत्यूने एकाएकी हिशेब मागितला. मालकांनो, तुमचा नफातोटा विचाराल तर तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. तो मात्र समोरच्या बाजूला लिहू शकेल की मरण हाच माझा नफा.

आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर 'श्री', दोन्हीकडे 'शुभ' आणि 'लाभ'. कुणी उधारीवाला वारला की तेरावं होईपर्यंत आजोबा त्याचं पान उघडत नसत. नंतर एका दुपारी चष्मा पुसून, रक्कम न खोडता, खाली बारीक अक्षरात 'देवाघरी' लिहीत. पाडव्याच्या आधी बेरजा करताना ती पानं नुसती उलटली जात. मागायला कुणाच्या दारी गेलेलं मी त्यांना पाहिलं नाही, सोडून दिलं असं बोलतानाही ऐकलं नाही. नुकतंच जमा आणि नावे शिकलो होतो, म्हणून एकदा विचारलं, "आजोबा, हे पैसे कुठल्या बाजूला धरायचे?"

"तू पुड्या बांध," ते म्हणाले.