मेक आणि २००९ सालची फाईल

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या वजनकाट्यासाठी मी सी भाषेत लहानसा प्रोग्रॅम लिहिला आहे. काट्याकडून सिरियल पोर्टवर आलेले वजन वाचायचे, ठरलेली घट वजा करायची आणि पावती छापायची, एवढेच त्याचे काम. मागच्या उन्हाळ्यात घटीच्या हिशेबातील एक ओळ बदलण्यासाठी मी काट्याच्या खोलीतील जुन्या संगणकावर बसलो. ओळ बदलली, बदललेल्या फाईलींवरून प्रोग्रॅम पुन्हा बांधून देणारे 'मेक' हे अवजार चालवले, तरी पावतीवर जुनाच आकडा. अखेर प्रोग्रॅमच्या आरंभीच एक निरर्थक वाक्य छापायला सांगितले आणि तेही उमटले नाही, तेव्हा माझे लिहिलेले कंपायलरपर्यंत, म्हणजे ते यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, पोहोचतच नसल्याचे ध्यानात आले.

आपण लिहिलेली स्रोत फाईल तिच्यापासून कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाईलपेक्षा अलीकडे बदललेली असेल तरच मेक जीसीसी या कंपायलरला कामाला लावते. फाईलच्या आत ते डोकावत नाही. सारी भिस्त वेळेच्या नोंदीवर. इथे वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपलेला, इंटरनेट नाही, आणि सकाळीच वीज जाऊन आलेली. घड्याळ २००९च्या १ जानेवारीवर जाऊन बसले होते. साहजिकच माझी ताजी ओळ २००९ सालची ठरली आणि महिन्यापूर्वीची ऑब्जेक्ट फाईल तिच्याहून नवी. फाईलची वेळ भविष्यातली असल्याचा इशारा मेकने दर वेळी दिला होता, हे मात्र कबूल केले पाहिजे. मी तो वाचला नाही.

गंमत अशी की, अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली मेक लिहिले, तेच अशा एका वाया गेलेल्या सकाळीमुळे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन आधीच दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले होते, कारण बदललेली फाईल पुन्हा कंपाइल करायचीच राहून गेली होती.

घड्याळ लावूनही भागले नाही, कारण फाईलवरची तारीख २००९चीच राहिली होती. फाईलची वेळ बदलणाऱ्या 'टच' आज्ञेने ती आजची केली, तेव्हा कुठे नवा आकडा छापला गेला. एसकॉन्स किंवा बेझल ही मेकसारखीच अवजारे फाईलच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, ताडून पाहतात, त्यामुळे तिथे असे झाले नसते. पण चार फाईलींच्या प्रोग्रॅमसाठी तेवढा पसारा मला पटत नाही. त्यापेक्षा सीआर२०३२ सेल बदलणे सोपे होते, आणि तो बाजारातल्या घड्याळजीकडेच मिळाला.