योसेफाने बापाला निरोप का नाही पाठवला?

गेल्या जूनमध्ये चर्चमधली उपासना संपल्यावर आमच्या पाळक साहेबांनी मला थांबवलं आणि विचारलं, "शब्बाथ शाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग घ्याल का?" शब्बाथ शाळा म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायचा वर्ग. मोठी मुलं म्हणजे पाचवी ते आठवीची. चिमुकल्यांच्या वर्गाला शिक्षिका मिळतात आणि तरुण संघाकडे गिटार असते, त्यामुळे तिथे माणसं आपणहून येतात. हा मधला वर्ग मात्र दर वर्षी कोणाच्या तरी गळ्यात पडतो. नाही म्हणायला पटकन कारण सुचलं नाही, म्हणून मी हो म्हणाले.

पटावर चौदा मुलं, येणारी नऊ-दहा. वेळ सव्वाआठ ते नऊ, जागा आमच्या नगरच्या चर्चमागची खोली. खोलीत एक फळा, दोन लांब बाकडी आणि खडखडणारा पंखा. दार कायम उघडं ठेवायचं आणि खोलीत दुसरं एक मोठं माणूस असलंच पाहिजे, हा पाळक साहेबांचा नियम. तो मला फार आवडला, कारण पहिल्या रविवारी मला आधाराची गरज होतीच.

त्या दिवशी मी दावीद आणि गल्याथ घेतले होते, म्हणजे मेंढपाळ पोराने गोफणीने धिप्पाड योद्ध्याला पाडल्याची गोष्ट. लहान मुलांच्या वर्गातली रंगीत चित्रं मागून आणली होती. पहिलं चित्र वर धरलं तोच मागून आवाज आला, "टीचर, तो शेवटी मरतो." सगळे हसले. मीही हसले, पण पुढच्या सहा चित्रांचं करायचं काय ते समजेना. ही गोष्ट त्यांनी बालवाडीपासून ऐकलेली होती. त्यांच्या लेखी मी उत्तर आधीच फुटलेलं कोडं घालत होते.

पुढचे दोन महिने मी बरेच उद्योग करून पाहिले. प्रश्नमंजूषा घेतली. बायबलातला मथुशलह किती वर्षं जगला? ९६९. दोनच मुलांना सगळं येत होतं, चॉकलेटं त्यांनीच नेली, बाकीचे तिसऱ्या प्रश्नापासून खिडकीबाहेर बघत बसले. हातवाऱ्यांची गाणी घेतली तर सातवीतल्या मुलींनी एकमेकींकडे अशी काही नजर टाकली की मी दुसरं कडवं स्वतःच गिळलं. एकदा योसेफाच्या भावांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लिहायला सांगितला. योसेफ म्हणजे याकोबाचा लाडका मुलगा, ज्याला भावांनी हेव्यापोटी विकलं आणि जो पुढे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाला. हशा खूप झाला, कागदावर मात्र नुसते रडके चेहरे उरले.

रॉबर्ट रेक्स ह्यांनी १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला अशी शाळा सुरू केली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी तरी अक्षरओळख व्हावी म्हणून. आमच्या मुलांचे सहा दिवस शाळेत आणि क्लासमध्ये जातात. रविवारी सकाळी त्यांना माझ्यात आणखी एक क्लास दिसला, तर त्यांना काय बोलायचं?

सुचलं ते आजोबांमुळे. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी १९व्या शतकातच कीर्तन आपलंसं केलं, आणि माझे आजोबा त्याच परंपरेतले हौशी कीर्तनकार होते. लहानपणी त्यांच्या कीर्तनात मी पेंगायची. एक मात्र पक्कं आठवतं: कथा ऐन रंगात आली की ते थांबायचे आणि टाळ सुरू व्हायचे. समोरच्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असायचा, तरी माणसं पुढे सरकून बसायची. आजोबांची सगळी मदार ते कुठे थांबतात ह्यावर असायची. कथा नवी असण्याची त्यांना गरजच नव्हती.

त्या रात्री मी बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३७वा अध्याय, जिथे योसेफाची गोष्ट सुरू होते, जणू पहिल्यांदाच बघतेय अशा थाटात वाचायला घेतला, आणि एका वचनावर, म्हणजे आकडा घातलेल्या एका ओळीवर, अडले. योसेफाला खड्ड्यात टाकलं आणि भाऊ जेवायला बसले. चाळीस वर्षं ही गोष्ट ऐकतेय, पण ते जेवण मला कधी दिसलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी चित्रं घरी ठेवली. "आज वाचणार तुम्ही. मी फक्त थांबा म्हणणार." पहिली अडचण मराठीचीच आली. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची. जोडाक्षर आलं की गाडी अडायची, आणि शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, मराठी तर त्यांच्या आजीच्याही मराठीपेक्षा जुनी. मग जोड्या लावल्या. एकाने वचन वाचायचं, दुसऱ्याने ते आपल्या नगरी बोलीत सांगायचं. "त्याच्या भावांनी त्याचा हेवा केला" ह्याचं एका पोराने "भावांची लय जळली" केलं आणि वर्गात जान आली. मोबाईलवरचं बायबलही चालेल म्हटलं. ह्यावर काही पालकांनी नाकं मुरडली, पण ज्या मुलाच्या हातात फोन असतो त्याच्या हातात निदान त्या अर्ध्या तासापुरतं उत्पत्तीचं पुस्तक असतं, एवढं मला पुरे होतं.

भाऊ जेवायला बसले, तिथे मी "थांबा" म्हटलं.

सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मग तो खड्ड्यातून ओरडत असेल ना? आणि ते जेवतायत?"

"ह्या अध्यायात तसं लिहिलेलं नाही," मी म्हणाले आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: ओरडला का? तो कोपरा पुसायचा नाही असं ठरलं.

त्यानंतर जे झालं त्याचं श्रेय वर्गातल्या एका मुलाच्या मामाला. मामा पोलिसात हवालदार आहेत. हा भाचा म्हणाला, "टीचर, पंचनामा करायला पाहिजे." केला. चार्टपेपर भिंतीला लावला आणि प्रत्येक नोंदीसमोर वचनाचा आकडा घालायची अट टाकली, आकडा नसेल तर नोंद रद्द. घटनास्थळ: दोथान, एक खड्डा, कोरडा, पाणी नाही. मुद्देमाल: झगा एक, बकऱ्याच्या रक्ताने माखलेला, चांदीची नाणी २०. बेपत्ता इसम: वय १७. आरोपी किती, ह्यावर मात्र वर्ग पेटला. बारा भाऊ, त्यातला एक स्वतः योसेफ, बन्यामीन धाकटा, तो तिथे नव्हता, म्हणजे दहा. पण थोरल्या रऊबेनला तर योसेफाला वाचवायचं होतं आणि तो खड्ड्याकडे परतला तोवर योसेफ गेलेला होता. मग रऊबेन आरोपी की साक्षीदार? "माफीचा साक्षीदार," हवालदारांचा भाचा म्हणाला. "कसली माफी? घरी जाऊन बापाला खरं सांगितलं का त्याने?" असं एका मुलीने सुनावलं. नऊचे टोल पडले तरी खटला चालूच होता. उपासनेला उशिरा शिरल्याबद्दल मी बोलणी खाल्ली.

एकदा मीच पकडली गेले. "विकलं कोणाला? एका ठिकाणी इश्माएली लिहिलंय, एका ठिकाणी मिद्यानी." मुलं बरोबर होती, दोन्ही नावं त्याच अध्यायात आहेत. अभ्यासक ह्याची वेगवेगळी उकल करतात. त्यातल्या दोन मी सांगितल्या आणि माझंही नक्की ठरलेलं नाही हे कबूल केलं. जमीन दुभंगली नाही. उलट पुढच्या रविवारी एकजण आणखी तीन विसंगती शोधून घेऊन आला. त्यातल्या दोन त्याच्याच वाचनातल्या चुका निघाल्या.

फजिती झाली ती ३८व्या अध्यायात. योसेफाची गोष्ट ३७ नंतर एकदम ३९ मध्ये उघडते आणि मध्ये यहूदा व तामार ह्यांचं प्रकरण आहे. मी हे विसरले होते. वाचणारा मुलगा जोशात पान उलटून सरळ ३८ वाचत सुटला आणि चार-पाच वचनांनी आठवीच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. "हा अध्याय आपण आत्ता सोडतोय. तो मोठ्यांच्या गुंत्याचा आहे, घरी विचारायचा असेल तर विचारा," एवढं सांगून पुढे नेलं. पोटीफर, म्हणजे योसेफाचा मिसरातला मालक, त्याच्या बायकोचं प्रकरण मात्र सोडता येत नाही, कारण योसेफ तुरुंगात जातो तो त्यामुळेच. त्या आठवड्यात मी पालकांना आधीच निरोप पाठवला की अमुक भाग येतोय, साध्या शब्दांत घेणार आहे. वर्गात म्हटलं, तिने त्याला चुकीच्या गोष्टीसाठी गळ घातली, तो नाही म्हणाला, तिने खोटा आळ घेतला. कोणी हसलं नाही. ह्या वयाच्या मुलांना खोट्या आळाचं दुःख आपल्यापेक्षा ताजं असतं.

४१वा अध्याय आला त्याच सुमारास एका गृहस्थांनी चहाच्या वेळी मला गाठलं. त्यांची दोन मुलं माझ्याकडे. "हल्ली घरी शास्त्र काढून वाद घालतात. तुम्ही शंका शिकवताय, विश्वास कधी शिकवणार?" प्रश्न रास्त होता. मी विश्वासणारी बाई आहे, मलाही रात्री हीच धास्ती वाटायची. तिथल्या तिथे उत्तर सुचेना म्हणून म्हटलं, "भाऊ, एक रविवार वर्गात बसा ना." ते आले आणि मागे भिंतीला टेकून बसले.

नेमका तो गणिताचा रविवार निघाला. योसेफाला विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता. फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा ३०. त्यानंतर सुकाळाची ७ वर्षं. धान्य घ्यायला आलेल्या भावांना ओळख दिली तेव्हा दुष्काळाची २ उलटली होती. मुलांनी फळ्यावर बेरीज केली: ३९. वजा १७. म्हणजे २२ वर्षं बाप रडत होता, आणि त्यातली शेवटची ९ योसेफ मिसरातला फारोखालोखाल सर्वांत मोठा माणूस होता.

"मग निरोप का नाही पाठवला?" आठवीतली एक मुलगी जवळजवळ चिडून म्हणाली. "माणसं होती, गाढवं होती, सगळं होतं त्याच्याकडे."

मी ४१व्या अध्यायातलं ५१वं वचन वाचायला सांगितलं. थोरल्या मुलाचं नाव त्याने मनश्शे ठेवलं, कारण देवाने मला माझे कष्ट आणि माझ्या बापाचं घर विसरायला लावलं, असं तो म्हणतो. "विसरला असता तर पोराचं असलं नाव ठेवलं असतं का?" ती लगेच म्हणाली. ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

वर्गात एक मुलगा आहे, आजोळी राहतो. क्वचितच तोंड उघडतो. तो म्हणाला, "त्याला कुठे माहीत होतं झग्याचं?"

"म्हणजे?"

"भावांनी झगा रक्तात बुडवून बाबांना दाखवला, ते आपल्याला माहितीय. योसेफ तर तेव्हा खड्ड्यातून विकला गेला होता. त्याला एवढंच माहीत की भावांकडे जा म्हणून बाबांनीच पाठवलं. आणि मग कोणी शोधायलाच आलं नाही."

पंख्याची खडखड तेवढी ऐकू येत होती. मी ३७वा अध्याय पुन्हा उघडला. बरोबर होतं, याकोबानेच त्याला पाठवलं होतं. इतकी वर्षं ही गोष्ट मी वरून, सगळं ठाऊक असलेल्या माणसासारखी वाचत होते. ह्या मुलाने ती खड्ड्यातून वाचली होती.

मी "हेच उत्तर" असं म्हणाले नाही. शास्त्र कारण देत नाही, हे सांगितलं आणि त्याचं म्हणणं चार्टवर लिहून घेतलं. ते गृहस्थ उठले, पंख्याची सैल झालेली जाळी हाताने घट्ट दाबून पाहिली आणि सलाम करून गेले. त्यांची मुलं अजून येतात, आता वेळेवर येतात. त्यांचं समाधान झालं की नाही, हे मी विचारलेलं नाही.

फळ्याचा कोपरा पुढच्याच रविवारी सुटला, तोही माझ्या आधी. ४२व्या अध्यायात भाऊ मिसरात अडकतात आणि आपसांत बोलतात की तो आपल्याला विनवत होता, त्याच्या जिवाचे हाल आपण पाहिले आणि ऐकलं नाही. सहावीतली ती मुलगी वाचता वाचता थांबली, उठली, आणि "ओरडला का?" ह्यापुढे खडूने लिहिलं: हो. ४२:२१.

त्या वर्षी ह्या एकाच कथेला सात रविवार लागले. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात तिला दोन होते. मंडळीच्या परीक्षेत आमच्या मुलांचे एलीया संदेष्ट्याचे प्रश्न सुटले नाहीत, कारण एलीयापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. ते मला पाळक साहेबांना आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, आणि मुलांचे मार्क गेले. ह्या वर्षी वेळापत्रक करून घेतलंय.

सातव्या रविवारी ४५वा अध्याय. योसेफ एवढ्या मोठ्याने रडतो की मिसऱ्यांना ऐकू जातं, आणि ओळख देताच बापाचं विचारतो, जिवंत आहे का. आजोळी राहणारा मुलगा हळूच म्हणाला, "पहिलं बाबांचंच विचारलं."

"पहिलं नाही, ४३ मध्येपण विचारलंय," हवालदारांच्या भाच्याने पुरावा काढला.

दोघांनी पानं उलटली. आजोळचा मुलगा दोन्ही वचनांवर बोटं ठेवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तिथे 'तुमचा बाप' म्हणालाय. इथे 'माझा बाप'."

मी पुस्तक मिटलं आणि प्रार्थना केली. एरवी मुलं प्रार्थनेचे विषय चिठ्ठीवर लिहून देतात. त्या दिवशी त्याची चिठ्ठी आली, ती माझ्यापाशीच राहील.

निघताना कोणीतरी विचारलं, "पुढच्या रविवारी काय?"

"योना."

"ई, तो माशाने गिळलेला? ते तर बालवाडीत झालंय."

"चार अध्याय, ४८ वचनं," मी म्हणाले. "त्यात मासा किती वचनांत आहे ते मोजून आणा."

शनिवारी रात्री साडेदहाला सहावीतल्या मुलीचा आईच्या फोनवरून मेसेज आला: "टीचर, फक्त ३. मग बाकीच्या ४५ मध्ये काय आहे?"